वाक्य पूर्ण होईपर्यंत

“पुन्हा एकदा लाव,” पूर्णविराम सर म्हणाले.

व्यवस्थापकाने रेकॉर्डिंग मागे नेले. हेडफोनमध्ये ती दूरदेशीची म्हातारी पुन्हा बोलू लागली. आवाज घाबरलेला होता, पण विस्कटलेला नव्हता. जन्मभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना निरोप सांगण्यात गेलेल्या बायकांचा असतो तसा नेमका, घाईतही घडी न मोडलेला आवाज. “हिमसेल्फ इज आफ्टर फॉलिंग,” ती म्हणाली, आणि थांबली.

पुढे शांतता. तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी इतकी लांब. मध्येच तारेत काहीतरी अडकल्यासारखी बारीक खरखर, आणि परत शांतता. मग फोन घेणाऱ्या मुलीचा आवाज. पूर्णविरामांनीच घडवलेला, घासूनपुसून लख्ख केलेला आवाज.

“येस, मॅडम? आफ्टर फॉलिंग...?”

“ही इज,” म्हातारी म्हणाली.

“ही इज व्हॉट, मॅडम?”

“आफ्टर फॉलिंग!”

व्यवस्थापकाने यंत्र थांबवले. “ऐकलंत ना, सर? अर्धंच वाक्य. ‘तो स्वतः, पडल्यानंतर, आहे.’ अरे, आहे तर आहे! पुढे बोल की, बाई! आता हिचा वकील आम्हाला विचारतोय, कळलं कसं नाही म्हणून.”

पूर्णविरामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. अनेक वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला तेवढे साधते.

ते ज्या कंपनीत होते तिचा व्यवसाय करुणेचा होता, आणि तो नफ्यात चालला होता. दूरदूरच्या देशांतले म्हातारे गळ्यात एक बटण अडकवून आपापल्या घरात एकटेदुकटे राहत. पडले, घाबरले किंवा नुसतेच कंटाळले की बटण दाबत, आणि त्यांचा आवाज समुद्र ओलांडून या इमारतीतल्या बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये येई. इथे रांगेने बसलेल्या मुलामुलींनी दोन श्वासांत ठरवायचे असे, की रुग्णवाहिका पाठवायची, शेजाऱ्याला कळवायचे, की नुसते गोड बोलून फोन ठेवायचा. या म्हातारीच्या फोनवर त्या मुलीने ‘पडण्याबाबत चौकशी’ अशी नोंद केली होती. असा फोन आला की न घसरणाऱ्या पायपुसण्यांचे माहितीपत्रक टपालाने जात असे. “वी विल सेंड इट राइट अवे, मॅडम,” असे मुलीने सांगितले, आणि म्हातारीने तिचे आभार मानले. तिला सांगायचे ते तिने सांगितले होते. लगेच पाठवतो, असे उत्तर मिळाले होते. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेल्या नवऱ्याच्या डोक्याखाली उशी देऊन रुग्णवाहिकेची वाट पाहत बसली. संध्याकाळी शेजारीण आली तेव्हाही ती वाटच पाहत होती.

म्हातारा पुढे इस्पितळात वारला. वेळेवर उचलला असता तर जगला असता का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. आणि जे कोणालाच सांगता येत नाही तेच सांगण्यासाठी जगात वकील असतात.

“तुम्ही उद्याच्या बैठकीला या,” व्यवस्थापक म्हणाला. “भाषेचा प्रश्न आहे, तुमचा शब्द चालेल. तुम्ही फक्त तुमचं मत द्या, शास्त्रशुद्ध. आणि हो, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद टेबलावरच आहे माझ्या. या गडबडीत राहिला. करतो सही.”

हा व्यवस्थापक त्यांच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. तेव्हा तो ‘मी’ आणि ‘मला’ यांत इंग्रजीत गोंधळ करीत असे. आता तो फक्त ‘आम्ही’ वापरी, त्यामुळे गोंधळाचा प्रश्नच उरला नव्हता.

*

‘पूर्णविराम’ हे नाव मुलांनी ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते. प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीवर त्यांचे दोन नियम जाड अक्षरांत लावलेले होते. पहिला: समोरच्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत बोलू नये. दुसरा: आपल्या भाषेत विचार करू नये. पहिल्या नियमामुळे त्यांना नाव मिळाले आणि दुसऱ्यामुळे नोकरी.

कारण कंपनीला इंग्रजी नको होते, कंपनीला ‘तटस्थ इंग्रजी’ हवे होते. तटस्थ म्हणजे कोणत्याच काठाचे नसलेले. हे इंग्रजी पृथ्वीच्या पाठीवर कोणाच्याही आईने आपल्या लेकराशी कधी बोललेले नव्हते. त्यात कोणी रागावत नसे, कोणी लाडात येत नसे, आणि पडायचे झाले तरी माणसे त्यात कर्ता-कर्म-क्रियापद सांभाळून पडत. पूर्णविराम ते उत्तम शिकवीत.

विनोदाचा भाग असा, की तारुण्यात त्यांनी नेमक्या उलट गोष्टीवर प्रबंध लिहायला घेतला होता. इंग्रजीच्या प्रांतोप्रांतीच्या बोलींचे व्याकरण हा त्यांचा विषय. जुन्या ध्वनिफिती, खलाशांच्या जबान्या, खाणकामगारांच्या मुलाखती असे जे हाती लागेल ते ऐकत त्यांनी ऐन उमेदीची वर्षे घालवली. एका उत्तरेकडच्या परगण्यात ‘व्हाइल’चा अर्थ ‘पर्यंत’ असा होतो, आणि तिथला माणूस ‘नऊ व्हाइल पाच’ कामाला जातो, हे कळले त्या दिवशी त्यांना दुपारचे जेवण सुचले नव्हते. समुद्रापलीकडच्या दक्षिणेत ‘माइट कुड’ म्हणतात. एकावर एक दोन शक्यता, जणू डोक्यावर दोन टोप्या. पण नकार देताना समोरच्याचे मन मोडू नये म्हणून त्या घातलेल्या. काही वस्त्यांतला माणूस ‘ही वर्किंग’ म्हणाला तर तो आत्ता कामावर आहे, आणि ‘ही बी वर्किंग’ म्हणाला तर तो कामाला जात असतो, आत्ता घरी झोपला असला तरी. ज्या भेदासाठी प्रमाण इंग्रजीला एखादे क्रियाविशेषण उसने आणावे लागते, तो ही माणसे एका इवल्या ‘बी’वर पेलत, आणि त्या बदल्यात जग त्यांना अडाणी म्हणे.

मार्गदर्शकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले होते, “ज्यांना शुद्ध बोलता येत नाही त्यांच्या चुकांचा कोश करून तुला कसली पदवी हवी आहे?” त्यांच्या मते भाषा ही राजवाड्याची मालमत्ता होती आणि बाकीचे सगळे तिच्या कुंपणात शिरलेले भुरटे. प्रबंध कपाटात गेला. त्यातले सर्वांत चांगले प्रकरण ‘आफ्टर’वर होते. पश्चिमेकडच्या एका ओल्या, वाऱ्याच्या बेटावरची माणसे ‘नुकतेच झाले’ हे सांगायला ‘आफ्टर’ वापरतात. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणजे माझे आत्ताच जेवण झाले. वाक्य तिथेच संपते. पुढे काही नसते. पुढे काही असावे अशी अपेक्षा करणारा कान परका असतो, एवढेच.

या कंपनीत आल्यावर सुरुवातीला पूर्णविरामांनी एक दुपार या बोलींना दिली होती. मुलांना ती फार आवडे. ‘माइट कुड’वर हशा पिकत असे. चहाच्या यंत्रापाशी मुले एकमेकांना ‘आय अ‍ॅम आफ्टर बॉस’ असले काहीतरी चुकीचे ऐकवीत, आणि पूर्णविराम ते दुरुस्त करीत. मग एके दिवशी व्यवस्थापक म्हणाला, “सर, ही दुपार कापा. लोकांना एक इंग्रजी येईना, तुम्ही सतरा शिकवताय. वाण नाही पण गुण लागायचा.” त्यावर पूर्णविरामांनी दिलेले उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण वाक्य होते.

“बरं,” ते म्हणाले होते.

*

म्हातारीचा फोन घेतलेली ती मुलगी चहाच्या यंत्रापाशी उभी होती. तिला सगळे ‘एक्सप्रेस’ म्हणत. तिने कुठलेही स्टेशन कधी घेतले नाही म्हणून. आली तेव्हा ती समोरच्याचे वाक्य अर्ध्यात तोडून उत्तर देई, आणि संतापाची गोष्ट म्हणजे तिचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असे. पूर्णविरामांनी तिला महिनाभर मागच्या बाकावर बसवून फक्त थांबायला शिकवले. “बोलू नकोस. ऐक. वाक्य संपू दे. अजून संपू दे.” शेवटी ती इतकी छान थांबू लागली, की नव्या तुकडीला तिचे फोन आदर्श म्हणून ऐकवले जात.

“सर, चहा घेणार? यंत्र बिघडलंय, साखर आपोआप दुप्पट पडतेय. आज कंपनी उदार आहे.”

“दे. वडील कसे आहेत?”

“पडून आहेत.” ती नेहमीच्याच सुरात म्हणाली. कोणी विचारले की हेच सांगायचे, हे ठरलेले होते. “आई शिवणाच्या यंत्रावर एक डोळा ठेवते आणि त्यांच्यावर एक. मी म्हटलं, आई, तिसरा डोळा असता तर माझ्यावरही ठेवला असतास. सर, उद्या मला काय विचारतील?”

“जे झालं ते.”

“झालं ते मी सांगेन. मी थांबले. तुम्ही शिकवलंत तशी थांबले. वाक्य पूर्णच होईना, सर.” तिने कप त्यांच्या हातात दिला. “ते बरोबर होतं ना? थांबले ते?”

पूर्णविरामांना त्या क्षणी एक साधे वाक्य बोलता आले असते. त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा खरोखरच फार गोड होता.

“उद्या मी आहे तिथे,” ते म्हणाले.

“मग काय! तुम्ही असल्यावर मला कशाला काळजी?” ती हसली, आणि हेडफोन मानेत अडकवून आपल्या जागेकडे पळाली.

*

“म्हणजे ती म्हातारी नवऱ्याला ‘स्वतः’ म्हणते?” बायकोने विचारले. ती पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालीत बसली होती.

“‘हिमसेल्फ’. कर्त्याच्या जागी आत्मवाचक सर्वनाम. त्या बेटावरची लकब आहे.”

“आत्मवाचक की काय ते तुम्ही बघा. मी तुम्हाला जन्मभर ‘हे’ म्हणत आले. ‘हे’ आले, ‘हे’ रुसले, ‘हे’ आजारी आहेत. कुठले हे, असं कधी कुणी विचारलं मला? म्हातारी म्हणाली, हे पडलेत. झालं!”

“ते इतकं सोपं नाही.”

“तुमच्याकडे काहीच सोपं नसतं. तो पायमोजा इकडे द्या. त्याचा जोडीदार कुठाय?” तिने मोजा उलटा करून झटकला. “त्या पोरीचं काय होणार?”

“मी उद्या सांगणार आहे.”

“काय सांगणार?”

“की वाक्य पूर्ण होतं. की थांबायचा नियम माझा होता. आणि जी दुपार शिकवली असती तर हे घडलं नसतं, ती दुपार आम्ही कापली. मी कापली.”

बायकोने घडी घालता घालता त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत माया होती, पण विश्वास नव्हता. संसार जुना झाला की या दोन गोष्टी एकमेकींवाचून राहायला शिकतात.

“अहो, ‘सांगणार आहे’ हे तुमचं फार आवडतं क्रियापद आहे. प्रबंध देणार आहे. त्या मार्गदर्शकाला पत्र लिहिणार आहे. धाकट्याशी बोलणार आहे. धाकटा बोलायची वाट बघून बघून परदेशी गेला. तुमच्या भविष्यकाळात माझं उभं आयुष्य गेलं. आता एकदा तरी भूतकाळ होऊ द्या.”

“भूतकाळ नव्हे. पूर्ण वर्त—”

“अहो!”

मोज्याचा जोडीदार शेवटपर्यंत सापडला नाही.

*

बैठकीची खोली चारी बाजूंनी काचेची होती. बाहेरच्यांना आतले ओठ हलताना दिसत, ऐकू काही येत नसे. कर्मचारी तिला मत्स्यालय म्हणत. टेबलाच्या एका टोकाला व्यवस्थापक, त्याच्या शेजारी कायदा विभागातल्या बाई. समोर एक्सप्रेस, केस घट्ट बांधून, दोन्ही हात टेबलाखाली. पूर्णविराम मध्ये बसले होते, तराजूच्या काट्यासारखे. ही उपमा त्यांना सुचली आणि आवडलीही. तिथेच काहीतरी चुकायला सुरुवात झाली होती.

त्यांनी रात्रभर वाक्य रचले होते. विद्वानांना एक खोड असते. गौण वाक्ये आधी मांडायची, एकेक पायरी बांधीत जायची, आणि मुख्य वाक्य शेवटी, कळसासारखे ठेवायचे. ऐकणारा तिथपर्यंत आपल्याबरोबर चढत येईल, असे ते गृहीत धरतात.

“सर, तुम्ही सुरुवात करा,” व्यवस्थापक म्हणाला.

पूर्णविरामांनी सुरुवात केली. त्यांनी त्या बेटाबद्दल सांगितले. तिथली जुनी भाषा कशी मागे हटत गेली, आणि हटता हटता इंग्रजीच्या अंगात आपली हाडे कशी ठेवून गेली, हे सांगितले. ‘आफ्टर’ तिथे कालवाचक शब्द उरत नाही, क्रियेची नुकतीच झालेली समाप्ती दाखवणारे चिन्ह बनतो, हे त्यांनी तीन उदाहरणांनी दाखवले. ते सुंदर बोलत होते. वर्गाबाहेर पहिल्यांदाच ते प्रकरण कोणीतरी मन लावून ऐकत होते. कायदा विभागातल्या बाई लिहून घेत होत्या. पूर्णविरामांच्या आवाजात, ज्याला शुद्ध शास्त्रीय म्हणता येणार नाही, असा एक आनंद उतरला.

“थांबा हं,” बाईंनी पेन उचलले. “म्हणजे त्या म्हातारीचं वाक्य अर्धवट नव्हतं?”

“मुळीच नव्हतं. संपूर्ण होतं. आणि त्या बोलीच्या व्याकरणाप्रमाणे निर्दोष.”

“म्हणजे ‘माझा नवरा आत्ताच पडला’, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं?”

“स्वच्छ. तीनदा.”

“आणि आपल्या मुलीला ते कळलं नाही.”

“नाही कळलं,” पूर्णविराम म्हणाले, “कारण—”

कळस इथे होता. सगळ्या पायऱ्या या ‘कारण’पाशी येत होत्या. पण बाईंचे पेन कागदावर टेकले होते, आणि त्या लिहीत असताना बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. समोरच्याचे संपू द्यावे. ते थांबले.

“उत्तम,” व्यवस्थापकाने टेबलावर हलकेच हात आपटला. “मी आधीच म्हटलं होतं, सर आले की घोटाळा मिटतो. म्हणजे यंत्रणेत दोष नाही. लाइन स्वच्छ, ग्राहकाचं बोलणं स्वच्छ. आकलन कमी पडलं, ते एका व्यक्तीचं. तसं लिहू, बाई?”

“तसं लिहिता येईल. मोठी चूक एकटीची असली की कंपनीला सोपं जातं.”

त्यांच्या मौनाला मुदतवाढीचा कागद कारण नव्हता असे म्हणणे औदार्याचे होईल, आणि तोच कारण होता असे म्हणणे आळसाचे. खरे सांगायचे तर ते आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. व्यवस्थापकाचे वाक्य संपेल, मग बाईंचे संपेल, मग ते बोलतील. वाक्ये संपतही होती. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी दुसऱ्याचे वाक्य तयार उभे असे, आणि मध्ये माणसाला उडी मारावी लागते तशी फट होती. उडी एक्सप्रेसला येत होती. त्यांनीच तिची ती सवय मोडली होती.

एक्सप्रेस या सगळ्या वेळात त्यांच्याकडे पाहत होती. व्यवस्थापकाकडे नाही, बाईंकडे नाही. ‘कारण’ म्हटल्यावर थोडे पुढे झुकली होती ती तशीच झुकलेली होती. वाक्य संपलेले नाही हे त्या खोलीत फक्त तिला कळत होते. ती थांबली होती. किती छान थांबत होती!

“तुला काही म्हणायचंय?” व्यवस्थापकाने तिला विचारले.

“सरांचं पूर्ण होऊ दे,” ती म्हणाली.

“सरांचं झालं. झालं ना, सर?”

काचेपलीकडे कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन जाता जाता आत डोकावले. पूर्णविरामांनी मान हलवली. ती हालचाल होकाराची होती, की ‘थांबा’ म्हणण्याआधी माणूस मान हलवतो तशी होती, हे त्यांना स्वतःलाही पुढे कधी ठरवता आले नाही. मानेला व्याकरण नसते. व्यवस्थापकाने तिचा अर्थ त्याला हवा तसा लावला.

*

संध्याकाळी ती हेडफोन परत द्यायला प्रशिक्षणाच्या खोलीत आली. वायरीची नीट गुंडाळी करून तिने ते टेबलावर ठेवले. कानांवरची फोमची टोपणे दाबली जाऊन चपटी झाली होती.

“बस,” पूर्णविराम म्हणाले.

“नको, सर. आईला आज लवकर येते म्हटलंय. का, ते अजून नाही सांगितलं.” ती उभीच राहिली. “एक विचारू? तुम्ही सकाळी सांगत होतात ते मला फार आवडलं. तुम्ही आम्हाला का नाही शिकवलंत ते?”

“शिकवत असे. तू यायच्या आधी.”

“अच्छा.” तिने ते मनात कुठेतरी ठेवून दिले. “आणि ते वाक्य आपल्या भाषेत कसं होईल?”

“‘हे नुकतेच पडले आहेत.’”

“तसं नाही. शब्दाला शब्द.”

“शब्दाला शब्द...” ते अर्धवट स्वतःशी बोलू लागले. “‘आफ्टर’ म्हणजे नंतर. पण क्रियापदाबरोबर, म्हणजे ‘पडल्यानंतर’. म्हणजे आपल्याकडे ऊन-प्रत्यय. ‘पडून’. आणि ‘इज’... हे पडून...” ते थांबले.

“पडून आहेत,” ती म्हणाली.

बाहेरच्या हॉलमधून पन्नास तोंडांचे तटस्थ इंग्रजी एका लयीत ऐकू येत होते.

“मी हेच रोज बोलते, सर. दुकानदाराला, शेजारणीला, तुम्हाला. बाबा कसे आहेत? पडून आहेत. पुढे काय, असं कधी कुणी विचारत नाही. यात पुढे काय असणार?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट तो चहाच्या यंत्रापाशी असतो तसाच साधा होता, आणि तेच ऐकवत नव्हते. “खरं सांगू? म्हातारी पहिल्यांदा बोलली ना, तेव्हाच मला कळलं होतं. कानात आपोआप झालं, पडून आहेत. मी विचारणारच होते, कुठे पडलेत, शुद्धीवर आहेत का. मग मनात आलं, आपण आपल्या भाषेत विचार करतोय. तुम्ही म्हणायचात ना, तिथेच घोळ होतो. म्हटलं, माझंच चुकत असेल. वाक्य पूर्ण होऊ द्यावं.”

त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही. दोन्ही नियम पाठीमागे होते. पाहायची गरज नव्हती.

“मी त्यांना सांगणार होतो,” पूर्णविराम म्हणाले, “की...”

ती थांबली. दाराच्या चौकटीत, पिशवी खांद्यावर, डोके किंचित कलते. ऐकणाऱ्याने कसे उभे राहावे हे त्यांनी शिकवले होते, अगदी तसे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. चांगली विद्यार्थिनी शेवटच्या तासालाही जसे लक्ष देते तसे ती लक्ष देत होती. हॉलमधले कोणीतरी हसले. लिफ्ट आली आणि गेली.

“येते, सर,” ती शेवटी म्हणाली. निघताना ‘येते’ म्हणायचे असते, म्हणून.

*

घरी जाण्यापूर्वी त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावले. तसा त्याचा आता काही उपयोग नव्हता. निर्णय टंकित होऊन गेला होता, आणि त्यांच्या टेबलावर मुदतवाढीचा कागद सही होऊन, पेपरवेटखाली, अदबीने पडून होता.

“हिमसेल्फ इज आफ्टर फॉलिंग.”

मग शांतता. घड्याळ. मग ती बारीक खरखर. इतक्या वेळा ऐकूनही तिच्याकडे त्यांनी लक्ष दिले नव्हते. तारेतला दोष म्हणून सोडून दिली होती. त्यांनी आवाज वाढवला, डोळे मिटले आणि तेवढाच तुकडा परत ऐकला. मग परत.

ती तार नव्हती. बोलण्यासाठी तोंड उघडून एका मुलीने घाईने आत ओढलेला तो श्वास होता. पुढचा शब्द अगदी ओठांवर आलेला. आणि मग तो श्वास, कोणीतरी शिकवल्याप्रमाणे, सावकाश, आवाज न करता बाहेर सोडलेला.